पेजेपुरतं पाणी

आमच्या मोहल्ल्यात बोअरिंगची गाडी आली. जमिनीत भोक पडलं, पाणी लागलं, पंप बसला. मायनं गुंड भरला, डोक्यावर घेतला आणि घरी आणला. त्या दिवसापासून कित्येक वर्षं आम्ही गावच्या विहिरीवर गेलो नाही.

यंदा धान कापणीला आलं तेव्हा माय नव्हती. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे गेले, दादा आपल्या कामावर गेला. मी रजा वाढवून घेतली आणि घरात राहिले. सिंदेवाहीच्या रस्त्याकडून धानाचे भारे घेऊन बैलांच्या बंड्या येतात. कापलेल्या धानाचा वास गावात शिरतो तो सकाळी, दव असेपर्यंत. ऊन चढलं की तो वास राहत नाही, नुसती धूळ राहते. या दिवसांत मायला घरात बसवत नसे. शेवटची काही वर्षं तिचे गुडघे चालत नव्हते, तरी ती दारात बाज टाकून बसायची आणि कुणाच्या वावरात किती माणसं लागली ते तिथूनच सांगायची.

बाज अजून दारात आहे. मी तिच्यावर बसून पुस्तक वाचते, म्हणजे उघडून ठेवते. पलीकडे पंपाची मूठ वाजते. कुणीतरी म्हैस धुतं. तो आवाज ऐकला की मला वर्षं आठवत नाहीत, एकच हिवाळा आठवतो. ऐंशीच्या दशकातला, शेवटाकडचा. मी दहावीला होते, शालू तिसरीत होती आणि दादाच्या मिलिंदला खालचे दोन दात आले होते.

पंप येण्याआधीचं पाणी मला आठवतं. विहिरीला दगडी ओटा होता. आमच्या मोहल्ल्यातल्या बाया ओट्याच्या खाली गुंड मांडून बसत. वर कुणी पाणी काढायला आलं, त्या बाईला वेळ असला, मनात असलं, तर ती वरून धार सोडी. याला पाणी वाढणं म्हणत. जेवण वाढतात तसं. वाढणारी बाई वाईट असे असं नाही. कुणी हसून वाढी, कुणी लेकरांची चौकशी करी, पण धार वरूनच येई आणि निम्मी मातीत जाई. मी मायच्या मांडीशी बसून त्या धारेकडे पाहत असे. आमच्या गुंडात ओट्यावरची धूळ येई, कधी गवताची काडी. माय फडक्यातून गाळून घेई.

माय चार बाया घेऊन तालुक्याला किती वेळा गेली, ते मोजायचं माझं वय नव्हतं. जाताना ती लुगडं बदले आणि पायांत चपला घाली, एवढं लक्षात आहे. पंप आला तेव्हा तो आमच्याच मोहल्ल्यात यावा, समाजमंदिरासमोर, हा तिचा हट्ट होता. आला. पाणी गार होतं, स्वच्छ होतं, गाळावं लागत नव्हतं. पंपाच्या पाण्यात शिजवलेला भात थोडा पिवळसर दिसे. आम्ही म्हणायचो, नवं धान असेल. दुसऱ्या वर्षीही तेच म्हटलं.

पंप बसल्यावर काही महिन्यांनी शालू जन्मली. तिची पहिली आंघोळ पंपाच्या पाण्यानं झाली. माय तिला कडेवर घेऊन मोहल्लाभर सांगे, "हिनं वाढलेलं पाणी प्यालं नाई." शेजारच्या सखूबाई, ज्यांना कुणाचंच कौतुक फार वेळ सोसवत नसे, म्हणायच्या, "तं काय वं, पंपाचीच पोरगी म्हणा तिले." आणि तसंच झालं. शालूचं नाव बराच काळ पंपाची पोरगी होतं. आम्हा सगळ्यांत तीच एक अशी होती जिच्या तोंडात मायनं कधी ओट्याखालचं पाणी घातलं नव्हतं.

शालू बोलकी होती. बंडीत बसली की बैलांशी बोले, रोवणीला मायच्या मागं बांधावर बसून बेडकांशी बोले. दुधाचे दात पडले तेव्हा तिनं ते कौलावर फेकले आणि उंदराला काय सांगितलं ते घरी येऊन सांगितलं. मग पक्के दात आले. आधी खडूसारखे पांढुरके आले, रेघारेघांचे. मग त्या रेघा पिवळ्या झाल्या, आणि त्या हिवाळ्यापर्यंत समोरचे दोन दात मधोमध तपकिरी झाले होते. चहा सांडलेल्या कपड्यावर डाग राहतो, तो रंग.

शाळेत रोज प्रार्थनेनंतर तपासणी असे. नखं दाखवा, दात दाखवा. ज्यांचे दात घाण, त्यांनी कडुनिंबाखाली वेगळं उभं राहायचं. गुरुजी वाईट नव्हते. त्यांनी आपल्या खर्चानं काळ्या मंजनाच्या पुड्या आणल्या होत्या आणि त्या रांगेतल्या पोरांना वाटल्या होत्या. रांग मात्र रोज तीच राही. आमच्या मोहल्ल्यातली पहिलीपासून तिसरीपर्यंतची जवळजवळ सगळी पोरं तिच्यात होती. मोहल्ल्यातली सातवीतली पोरं नव्हती. गावातलं एखादं पोरगं कधी उभं राही, पण ते नखांसाठी, आणि दुसऱ्या दिवशी नखं कापून परत येई. पाटलांच्या नातीची दाढ किडली होती, ती नागपूरला जाऊन भरून आणली. आठवडाभर सगळ्या वर्गाला तिनं ती तोंड उघडून दाखवली. त्यांच्या घरचे दात किडत. आमचे मळत. गावात हा फरक सगळ्यांना ठाऊक होता आणि कुणाला तो फरक वाटत नव्हता.

गुरुजींनी एकदा मायला रस्त्यात थांबवून सांगितलं की, बाई, लेकरांना गुडाखूची सवय लागू देऊ नका. माय गुडाखू घासायची. तंबाखू-गुळाची ती काळी मळी, बोटावर घेऊन दातांना लावायची. रोवणीच्या बायांत ती न लावणारी बाई विरळा. चिखलात दिवसभर वाकून राहायचं तर भूक मारायला ते लागे. शालूला तिनं कधी हात लावू दिला नव्हता. पण ती गुरुजींना काही बोलली नाही. घरी येऊन चुलीपाशी बसली आणि मग मला म्हणाली की शालू पोटात होती तेव्हाही मी घासतच होते. तेच उतरलं असेल पोरीत. सखूबाईंनी यात भर घातली. पोटुशी असताना कोण काय खातं त्यावरून लेकराचा रंग ठरतो, अमकीनं जांभळं खाल्ली तर तिचा पोरगा कसा झाला, वगैरे. संध्याकाळी मायनं गुडाखूचा डबा बोडीत नेऊन टाकला. बोडी म्हणजे आमच्याकडचं वावरातलं लहानसं तळं. डबा बुडेना, तरंगत राहिला, तेव्हा तिनं ढेकळं मारून तो बुडवला. मग चारपाच दिवस तिचं डोकं दुखत होतं आणि ती सगळ्यांवर चिडत होती.

गुडाखू सुटला, पण शालूचे दात तसेच. मग घासणं सुरू झालं. आधी कोळसा. मग कोळसा आणि मीठ. मग विटेचा चुरा. सकाळी आंगणात माय शालूला मांडीत आडवी घेई, एका हातानं हनुवटी धरी आणि दुसऱ्या हाताच्या बोटानं घासत राही. भांडं घासावं तसं. तोंडातून लाल थुंकी येई. शालू रडत नसे. रडायला तोंड उघडावं लागतं आणि तोंडात तर मायचं बोट. ती डोळे मिटून पडून राही. घासून झालं की माय तिला पंपावर नेऊन चुळा भरायला लावी. भरपूर पाण्यानं. पंपाच्या.

मला अजून कुणी विचारलं की तुझी आई कशी होती, तर आधी ते आंगण आठवतं. आणि हेही आठवतं की त्या दिवसांत धान कापायला माय सूर्य उगवायच्या आत जाई, आणि या घासण्यासाठी तिला त्याहून आधी उठावं लागे.

दिवाळीनंतर मंडई, म्हणजे आमच्याकडची जत्रा, भरली. दुपारी शाळेच्या मैदानात दंडार होती. आम्ही गेलो. दंडारीत एक सोंगाड्या आला, कोळशानं समोरचे दात काळे केलेला, आणि आपल्याला बायको कशी मिळत नाही ते सांगू लागला. तो ओठ फाकवून दात दाखवी आणि लोक हसत. सगळे हसले. मायही हसली, मीही. मग मायनं शालूकडे पाहिलं. शालूही हसत होती. दोन्ही हातांची ओंजळ करून तिनं तोंडावर घेतली होती आणि तिच्या आत हसत होती.

त्या रात्री जेवताना शालूनं मला विचारलं. आमच्याकडे मोठ्या बहिणीला बाई म्हणतात.

"बाई, तुहे दात काऊन पांढरे हायेत?"

मी म्हटलं, मी मोठी आहे. तिनं विचार केला आणि मान हलवली. मोठं झाल्यावर होत असतील, असं तिला पटलं असावं.

पौषात शाळेत दातांचं शिबिर झालं. नागपूरहून एक तरुण डॉक्टर आले होते. वर्गातली दोन बाकं बाहेर उन्हात आणली, एकावर ते बसले, दुसऱ्यावर एकेक पोरगं. सकाळपासून त्यांनी सगळी शाळा पाहिली होती. कामाचा दिवस असूनही माय शालूला घेऊन गेली, आणि मला सोबत नेलं, कारण डॉक्टर काय बोलतात ते नीट समजलं पाहिजे. शालू तोंड उघडेना. डॉक्टरांनी तिला जबरदस्ती केली नाही. स्वतःचा दात दाखवला, तो पुढून अर्धा तुटलेला होता. सायकलवरून पडलो, म्हणाले. तेव्हा तिनं उघडलं.

त्यांनी बराच वेळ पाहिलं. हिरड्याही पाहिल्या. मग मायला विचारलं, काय लावता? मायनं सगळं सांगितलं. कोळसा, मीठ, वीट. गुडाखूचंही सांगितलं, मी सोडला, म्हणाली.

"ताई, आता घासू नका," डॉक्टर म्हणाले. "हा मळ नाही. दात हिरडीच्या आत तयार होत असतात तेव्हाच हा रंग बसतो. तुमच्या गुडाखूनं नाही. पाणी कुठलं पिता?"

मायच्या खांद्यावरून काहीतरी उतरलेलं मला दिसलं. ती सरळ बसली. आणि अभिमानानं सांगितलं, "पंपाचं जी. साफ पाणी हाये. आमच्याच मोहल्ल्याचं."

डॉक्टरांनी विचारलं की ती बाकीची मुलं, ज्यांचे दात असे नाहीत, ती कुठलं पितात. मी सांगितलं, विहिरीचं. त्यांनी समजावून सांगितलं ते मी पुढं खूप वर्षांनी पुस्तकात वाचलं, पण तेव्हाही कळलं होतं. खोल खडकातल्या पाण्यात एक क्षार असतो. चवीला कळत नाही, डोळ्यांना दिसत नाही. मोठ्यांच्या दातांना काही होत नाही, दात तयार झालेले असतात. लहानपणी पोटात गेला तर पुढं येणाऱ्या दातांत उतरतो. आज प्यालेलं पाणी सातआठ वर्षांनी तोंडात दिसतं. म्हणून सातवीतल्या पोरांचे दात चांगले होते. म्हणून माझे. माझे दात वाढलेल्या पाण्यानं बनले होते.

माय ऐकत होती. डॉक्टर म्हणाले, हिच्या समोरच्या दातांचं आता काही होणार नाही. शहरात वरून लेप देतात, पण तो खर्च मोठा. मग त्यांनी विचारलं,

"घरात हिच्याहून लहान कुणी आहे?"

मिलिंद तेव्हा सहा महिन्यांचा होता. वहिनीनं त्याला नुकतीच पेज सुरू केली होती. तांदूळ धुवायचं पाणी, शिजवायचं पाणी, वरून पाजायचं पाणी.

येताना मोहल्ल्यात शिरल्यावर माय पंपापाशी थांबली. दोन पोरी पाणी भरत होत्या, त्यांनी तिला पाहून मूठ सोडली आणि बाजूला झाल्या. पंपावर तिचा मान होता. तिनं हात धुतले नाहीत की पाणी घेतलं नाही. उभी राहिली आणि घरी आली.

त्या संध्याकाळी घरात भांडण झालं. माय म्हणाली की उद्यापासून मिलिंदच्या पेजेपुरतं पाणी विहिरीचं आणायचं. दादा तसा शांत होता, पण त्या दिवशी त्याचा आवाज वर गेला. लहानपणी ओट्याखाली गुंड घेऊन तोही बसला होता आणि माझ्याहून जास्त वर्षं बसला होता. तो म्हणाला की अख्ख्या गावात हसं होईल, मोहल्ला म्हणेल हिनंच पंप आणला आणि हीच त्याला नावं ठेवते, आणि तिथं पुन्हा जायचं असतं तर इतकी वर्षं कशासाठी घासली चप्पल. वहिनी मिलिंदला पाजत भिंतीकडे तोंड करून बसली होती.

"दातासाठी इज्जत देतं का माय?" दादा म्हणाला.

माय ताटात पाहत होती. म्हणाली, "इज्जत माही हाये. दात त्याचे हायेत."

दादा जेवणावरून उठला. मी आज त्याच्या बाजूनंही विचार करून पाहते. तो चुकीचं बोलत होता असं मला म्हणता येत नाही.

सकाळी मायनं नवी दोरी काढली, बादली घेतली, गुंड घेतला आणि चपला घातल्या. मी सोबत गेले. विहिरीवर चार बाया होत्या. पाटलीणबाई ओट्यावर उभ्या होत्या, त्यांच्या हातात दोरी होती. सगळ्या आमच्याकडे पाहू लागल्या. पाटलीणबाईंनी मोकळेपणानं विचारलं, त्यांच्या आवाजात टोचणी नव्हती, "काऊन वं, पंप बिघडला का तुमचा? मांड गुंड, वाढून देतो."

माय ओट्याच्या पायरीवर चढली. पहिल्यांदा. "नातवाच्या पेजेले पाणी पाह्यजे बाई," ती म्हणाली. "वाढू नका. म्या काढतो."

दोघी आपले रिकामे गुंड घेऊन तशाच परत गेल्या. एक उतरून खाली उभी राहिली. पाटलीणबाई जागच्या हलल्या नाहीत, पण त्यांनी आपली दोरी गडगडीवरून काढली आणि गोळा करून हातात धरली. ते त्यांनी मायला जागा द्यायला केलं की दोरीला दोरी लागू नये म्हणून केलं, हे मला आजही सांगता येणार नाही. मायनं बादली सोडली. ती पाण्याला लागल्याचा आवाज वर आला. तिनं ओढली, गुंड भरला आणि उतरताना पायरीवर सांडलेलं पाणी पायानं निपटून काढलं.

मग ती रोज गेली. धान चुरणं चाललं तोवर, लाखोळी उपटली तोवर, मोहफुलं पडायला लागली तरी. कधी पायरीवर बाभळीचे काटे टाकलेले असत. ती ते उचलून कुंपणाला लावी आणि चढे. कधी विहिरीवर ती पोचली की सगळ्यांना एकदम घरची आठवण होई. मोहल्ल्यातही अबोला होता. सखूबाई तिच्या तोंडावर म्हणाल्या, "पंपवाली बाई हिरीवर चालली." माय म्हणाली, तुमची सून पोटुशी हाये, तिलेबी पाठवा. सखूबाई दोन महिने बोलल्या नाहीत. उन्हाळ्याच्या सुरुवातीला त्यांची सून दोरी घेऊन आली आणि मायच्या मागं ओट्यावर चढली. नंतर आणखी दोघी. सगळ्या नाही आल्या. पुष्कळ जणींनी पंपाचंच पाणी पाजलं, कारण पंप दारात होता आणि तिथं कुणी तोंड फिरवत नव्हतं.

विहिरीचं पाणी घरात वेगळ्या गुंडात असे, वर ताटली आणि ताटलीवर वरवंटा. ते फक्त मिलिंदचं. एका दुपारी मी अभ्यास करत होते आणि शालूला वाटलं मी पाहत नाही. तिनं वरवंटा उचलला, ताटली सरकवली आणि पेल्यानं पाणी घेऊन प्याली. गिळलं नाही लगेच. तोंडात धरून ठेवलं, समोरच्या दातांवर फिरवलं, मग गिळलं. माय दारात उभी होती. मला वाटलं आता रागावेल. तो गुंड आणायला तिला काय पडत होतं ते आम्हाला ठाऊक होतं. आणि डॉक्टर काय म्हणाले तेही तिला ठाऊक होतं.

शालूनं विचारलं, "माह्ये होतीन का पांढरे?"

माय म्हणाली, "पी."

तिनं आणखी एक पेला भरून शालूच्या हातात दिला आणि वरवंटा परत ठेवला. त्यानंतर रोज थोडं जास्त पाणी येऊ लागलं.

पुढं मी शिक्षिका झाले. माझ्या वर्गात रोज तपासणी असते. मी नखं पाहते. दात दाखवा असं मी म्हणत नाही. ज्यांचे दुखतात ती पोरं आपणच येऊन सांगतात, आणि ज्यांचे दुखत नाहीत पण दिसतात, ती तोंड मिटून बसलेली असतात हे मला शेवटच्या बाकापर्यंत ओळखता येतं.

काही वर्षांनी पाणी तपासणारे आले आणि त्यांनी पंपाला लाल रंग लावला. हे पाणी पिऊ नये. आता गावाला नळ आहेत, दोन्हीकडे एकाच टाकीचं पाणी येतं. विहिरीवर लोखंडी जाळी टाकली आहे. जाळीतून खाली पाहिलं तर पाणी दिसतं, त्यात पिंपळाची पानं पडलेली.

मायला नेलं त्या दिवशी मिलिंद वडशाहून आला. पस्तिशी ओलांडलेला माणूस, तिथं भाताच्या गिरणीत काम करतो. तो लहान पोरासारखा तोंड उघडून रडला. शालू त्याच्या शेजारी बसली होती. तीही रडत होती, आणि तिचा हात तोंडावर होता. हसताना जातो तसाच.

आता घरात मायची बाज आहे, गुंड आहे, खुंटीला दोरी आहे. मिलिंदचे दात पांढरे आहेत. शालूचे तपकिरी आहेत.